चाललेल्या पायाचं माप

"सकाळचा पाय खरं बोलत न्हाई. सांजच्याला या," असं म्हणून ते बोहनीचं गिऱ्हाईक खुशाल परत पाठवायचे. मुखेडच्या बाजारात माझं कापडाचं दुकान, आणि समोर लिंबाखाली या वहाणा शिवणाऱ्या मामांची बैठक. दारी आलेली लक्ष्मी हाकलणारा माणूस रोज समोर बघायचा, म्हणजे माझ्यासारख्या व्यापाऱ्याचा जीव तळमळायचाच.

"मामा, माप घेऊन टाका की!" मी दुकानातून ओरडायचो.

"दिवसभर चालला की पाय फुगतो, अप्पा. चाललेल्या पायाचंच माप घ्यावं. न्हाईतर वहाण चावती."

असे हट्टी कारागीर तुम्हीही पाहिले असतील. माणसांच्या चेहऱ्याकडे मामांचं लक्षच नसायचं. एकदा माझ्या धाकट्या भावाला त्यांनी ओळखलंच नाही. त्यानं चप्पल काढली तेव्हा म्हणाले, "आरं, तू व्हय!"

दोन वर्षांपूर्वी शुगरमुळे आईच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. जखम भरली. डॉक्टर म्हणाले, चाला, पण अनवाणी नको, घरातसुद्धा नको. आता बाजारातली एकही चप्पल त्या पायात टिकेना. आई खाटेवर बसली ती बसलीच. शेजारणी आल्या तरी भिंतीकडे तोंड करायची. ही आता उठत नाही, अशी मला धास्तीच बसली.

मी मामांना घरी घेऊन आलो. आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मामांनी तो हळूच हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि मापाची दोरी परत पिशवीत टाकली.

"ह्यो पाय नुसता बसून हाय, माय. बसल्या पायाचं माप मला जमत न्हाई. आधी जरा चाला."

"कशी चालू, बाबा?"

त्यांनी पायाला मऊ कापड गुंडाळलं आणि खालून कातड्याचा तुकडा बांधून दिला. त्या दिवशी आई माझा हात धरून न्हाणीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी अंगणापर्यंत. मामा रोज सांजेला यायचे, पाय बघायचे आणि "आजून न्हाई" म्हणून निघून जायचे. मी भडकलो. चार दिवसांच्या कामाला पंधरा दिवस लावून राहिले म्हणून नाही नाही ते बोललो. दुसऱ्या सांजेला ते पुन्हा हजर.

सोळाव्या दिवशी आई एकटी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि तिनं आपणहून पाय पुढे केला. "घे बाबा, आता तरी घे माप." मामांनी दोरी काढली. माझी मान खाली गेली.

वहाणा झाल्या. करडईचं तेल पिऊन मऊ झालेल्या, टाचेमागे पट्टा असलेल्या, बोटांच्या रिकाम्या जागी कातड्याची छोटी उशी. आई पुन्हा बाजारात दिसू लागली.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. मी दुकान बंद करून निघालो, तर आई वहाणा घालून दारात उभी. त्यांची वस्ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे आईचं पाऊल जन्मात पडलं नव्हतं. रिक्षा नको म्हणाली. तीन ठिकाणी टेकली, पण चालतच गेली.

दारात ती पट्टा सोडायला वाकली, तशा मामी आतूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, माय. घालूनच या."

"दुःखाच्या घरात वहाणा घालून कशी येऊ?"

"त्यांनीच सांगितलं हुतं. माय कधी आल्या तर त्यांना वहाणा काढू द्यायच्या न्हाईत म्हून."

आई तशीच आत गेली आणि मामींच्या शेजारी जमिनीवर बसली.