शितं विरघळलेली पेज

बायकोच्या अन्ननलिकेत गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पातळच द्या. उकड्या तांदळाची घट्ट पेज उतरेना, आणि नुसत्या निवळीत कसली ताकद! ती रोज वाळत चालली. तेव्हा मला माझी नोकरी आठवली. घाटावरच्या कारखान्यात मी आयुष्यभर हेच तर केलं होतं. मक्याचा स्टार्च तापवायचा, त्यात एन्झाइम घालायचं, की घट्ट खळ पाण्यासारखी सैल होते आणि पुढे तिची साखर बनते. साधी एन्झाइमं उकळत्या पाण्यात मरतात. कारखान्यातलं हे पठ्ठं मात्र टिकतं.

जुन्या सहकाऱ्याकडून खाण्यात चालणाऱ्या त्याच एन्झाइमची छोटी बाटली मागवली, डॉक्टरांना विचारून घेतलं. पेज घोटून गॅसवर ठेवली, थेंब टाकला. थोड्याच वेळात डाव सैल फिरायला लागला. तांदूळ तेवढाच, पण शिताचा मागमूस नाही, आणि घोट उतरला. बशीत वेगळ्या काढलेल्या चमचाभर निवलेल्या पेजेवर मी आयोडीन टाकून बघायचो. निळं झालं तर स्टार्च शिल्लक.

ती पलंगावरून हे सगळं बघायची. इतकी वर्षं मी फोंडाघाट उतरून सुट्टीला यायचो, चार दिवस मासे खाऊन परत जायचो. तिकडे काय करता, असं तिने कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. आता तिने विचारलं. मी उत्साहाने सगळं समजावलं. ती हसली.

"म्हंजे इतकी वर्सां माका हंयसर एकटी ठेवन तुमी पेजच पातळ करी होतास?"

मला आधी राग आला, मग लाज वाटली.

एका सकाळी ती म्हणाली, "आज थेंब नको. माका जरा शितां बघूची आसत."

मी चिडलो. घशात अडकलं तर कोण निस्तरणार, असं काहीतरी बोललो आणि थेंब टाकला. आयोडीन निळं झालं नाही, त्याचंच मला समाधान. ती प्यायली. आठवड्याभरात ती गेली.

बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. वालावलच्या या घरात आता एकट्यापुरती पेज रटरटते, शितांसकट. वाटी पुढ्यात घेऊन मी बसून राहतो. घर खायला उठतं. तिने शितं खायला मागितलीच नव्हती, नुसती बघायला मागितली होती. एक वाटी तिच्यासमोर ठेवायला माझं काय जात होतं?