पहिल्या वेचणीचं वस्त्र

फोन आला तेव्हा मी राळेगावच्या आमच्या शेतात होतो. कापसाची पहिली वेचणी होती. धुऱ्यावर दहीभाताचा नैवेद्य ठेवलेला, बाया कमरेला ओटी बांधून उभ्या. बंगळुरूहून ताईचे सहकारी बोलत होते. "नीमाताई गेल्या..." पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. त्या दिवशी वेचणी राहिली.

माझी थोरली बहीण नीमा खगोलशास्त्रज्ञ होती. अवकाशात सोडायच्या दुर्बिणींसाठी प्रकाश टिपणाऱ्या इवल्या काळ्या चकत्या घडवण्यात तिची सगळी नोकरी गेली. गावात लोक मला विचारायचे, "तुही बहीण तारे पाहते म्हणे?" तारे पाहायला तिला सवड कुठली! ती महिनोन्‌महिने अंधार तपासायची. दूरच्या ताऱ्याचा उजेड कणाकणाने येतो, तो मोजायचा. पण त्याआधी चकती बंद डब्यात मिट्ट काळोखात ठेवायची आणि ती गप्प राहते का ते बघायचं. "ज्याला अंधारातही उजेड दिसतो, त्याचं उजेडात काय खरं मानायचं?" असं ती म्हणायची, आणि तशी चकती बिनदिक्कत नापास करायची. मी दहावीला गणितात आपटलो तेव्हा मात्र हीच बाई सुट्टीभर माझ्यासोबत बसली होती. नापास झाल्यावर तिने पुन्हा पास करून घेतलेला मी एकटाच, असं मी तिला चिडवायचो.

तिची पहिली चकती दुर्बिणीवर चढणार होती, ती कापसाच्या दैनेची वर्षं. कापूस कुणाला नकोच होता. आमच्या मधल्या खोलीत तो आढ्यापर्यंत भरलेला, शेजारी निजलं की अंगाला खाज सुटायची. तरी पहिल्या वेचणीचा कापूस देवाचा, ही आईची रीत मोडली नाही. त्या वर्षी तिने देवांच्या कापसाच्या वस्त्रांसोबत आणखी एक वस्त्र केलं, कुंकवाची बोटं लावून. ताई निघाली तेव्हा आईने ते तिच्या हातात ठेवलं. "तुह्या मशीनले घाल. ते वर जाईन तं आपल्या वावरातलं काही घेऊन जाईन."

ताईचा चेहरा उतरला. कापसाचा एक तंतू चकतीवर बसला तर सगळं काम वाया. चकत्या घडवतात त्या खोलीत जाताना सुती कपडेसुद्धा चालत नाहीत. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ठेव न बॅगेत. घातलं म्हणून सांग मायले." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग तिने आईला समोर बसवून सगळं खरं सांगितलं. आई म्हणाली, "खरेदीवाले नाही म्हणते, आता तूबी नाही म्हण. आपल्या कापसाचा इटाळ होते का व तुह्या मशीनले?"

त्या वेळी आई एसटीपर्यंत सोडायला आली नाही. ताई वस्त्र न घेताच गेली. तिचा मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, एवढं निखळ माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दुर्बीण वर गेली, ताईचं काम नावाजलं गेलं. त्यानंतरच्या दिवाळीला ती रीतसर परवानगी काढून एक चकती घेऊन आली. बोटाच्या पेराएवढी, काळी कुळकुळीत. आईच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "माय, वर गेली ते हिची बहीण. हे नापास झाली. इले वस्त्र चालते." आईने चकती उलटसुलट करून पाहिली. "काहून नापास?"

"अंधारात इले उजेड दिसते."

"मंग चांगलंच आहे की," आई म्हणाली आणि ती थेट देवघरात घेऊन गेली. तेव्हापासून दर वर्षी देवांसोबत तिलाही नवं वस्त्र. ताई हसायची, पण घरी आली की आधी देवघरात डोकावायची.

यंदा वर्षभर आमच्याकडे सण नाहीत. राहिलेली वेचणी आम्ही तेराव्यानंतर केली. परवा सकाळी देवघरात गेलो, तर आई कापूस पिंजत बसली होती. देवांपुढे काहीच नव्हतं. मी म्हटलं, "माय, यंदा वस्त्र नाही करत न आपण?"

"देवाले नाही करत," आई म्हणाली. तिने कुंकवाचं बोट टेकवलं आणि वस्त्र त्या काळ्या चकतीवर ठेवलं. "पण पोरीले कायले उघडं ठेवू?"