घरी उचलणार कोण?

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सिस्टर खाटेपाशी आल्या आणि विचारू लागल्या, "आजोबा, घरी संडास आत आहे की बाहेर? कमोड आहे का? दाराला पायऱ्या किती?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, टाके अजून ओले आहेत आणि तुम्ही मला हाकलायला निघालात?"

"हाकलत नाही हो. घरची सोय आत्तापासून बघितली नाही तर माणूस घरी जाऊन पुन्हा पडतो. तुम्हांला उठवून कमोडच्या खुर्चीवर बसवणार कोण, ते सांगा. त्या माणसाला मी इथेच शिकवते. ते जमल्याशिवाय डॉक्टर सोडायचे नाहीत."

आता काय सांगणार, कपाळ! वाडीत झावळी ओढताना घसरलो, खुब्याचं हाड मोडलं आणि थळहून अलिबागला येऊन पडलो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बोटीवर, तो थेट गणपतीला येणार. घरात उरली सून. नाहीच जमलं तर पनवेलला कुठल्याशा केंद्रात दोन महिने राहा, असं मुलाने फोनवर सुचवलं होतं. तिथल्या परक्या खाटेवर मला मरायचं नव्हतं. मला माझ्या घरी जायचं होतं.

सिस्टरांनी सुनेकडे पाहिलं. "तुम्हीच ना घरी? या इकडे." ती पुढे झाली, माझ्या पाठीमागे हात घातला मात्र, आणि मी ओरडलो, "हात लावू नकोस! लाज नाही वाटत? हो बाहेर!"

ती ओढणी सावरत निघून गेली. कारखान्यात जन्मभर माणसांवर आवाज चढवला, पण इतका घाणेरडा आवाज माझा मलाच कधी ऐकू आला नव्हता. तरी माफी? छे! स्वयंपाकघरात शिरण्याआधी खाकरणारा माणूस मी. सून घरात आल्यापासून उघड्या अंगाने तिच्यासमोर आलो नाही. आणि आता तिने मला धुवायचं?

शेजारच्या खाटेवर तळा तालुक्याकडचे एक म्हातारे होते. माझंच दुखणं, माझंच ऑपरेशन. त्यांचा पुतण्या तेवढा डबा पोचवून जाई. दुपारी पाहतो तर काय, सिस्टर माझ्या सुनेला त्यांच्यावर शिकवताहेत! आधी चांगला पाय खाली, मग कमरेला घट्ट धरायचं, मग उठवायचं. म्हातारे म्हणाले, "उचल पोरी, घाबरू नको. मोडायचं ते मोडून झालंय, आता काय मोडनार न्हाय." ती खुदकन हसली. घरात ती तशी हसलेली मला आठवेना. म्हाताऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू. मी मान भिंतीकडे वळवली.

संध्याकाळी नको ते झालं. वॉर्डबॉय पलीकडच्या खोलीत होता, मी हाक मारायला लाजलो आणि अंथरूण ओलं झालं. चादर गळ्यापर्यंत ओढून तसाच पडून राहिलो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. तिने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि पडदा ओढला.

"सिस्टरांना बोलाव," मी पुटपुटलो. "तू नको. मला लाज वाटते गं."

"मलाही वाटते, बाबा." ती खाटेपाशी आली. "सकाळी वाटली, त्या आजोबांना धरताना वाटली, आत्ताही वाटतेय. तुम्ही ओरडून मोकळे झालात. मी कुणावर ओरडू?"

तिलाही लाज असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हात तिच्याकडे पुढे केला. तिने दुसरीकडे बघत मला धरलं, आणि मीही दुसरीकडे बघत उठलो.