उरलेल्या गोळ्या

समोर पोरगं येऊन बसलं की ताई त्याची फाइल उपडी ठेवायच्या आणि विचारायच्या, "कागद राहू दे. जेवला का?" सरकारी दवाखान्यात असं विचारणारं माणूस तुम्हाला भेटलं असेल तर सांगा. मला इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसरं भेटलं नाही.

जबलपुरातल्या आमच्या केंद्रात एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. मी औषधांच्या खिडकीत बसतो. ताई शेजारच्या खोलीत समुपदेशक होत्या. माहेर वर्ध्याकडचं, लग्न होऊन इथे आलेल्या. हिंदीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवायच्या, आणि रागावल्या की उलटं.

तरुण पोरांची त्यांच्याकडे रीघ असे. घरीदारी कुणाला कळू नये म्हणून पोरं त्यांचा नंबर भलत्याच नावानं ठेवत. एकीच्या फोनमध्ये त्या 'ट्यूशन' होत्या, तर गोहलपूरच्या गॅरेजात काम करणाऱ्या एकाच्या फोनमध्ये 'क्लच प्लेट'. "नाव काही बी ठेवा," त्या म्हणायच्या, "फोन उचला म्हणजे झालं."

माझा नियम मात्र कडक होता. नवी बाटली हवी तर जुनी आणायची; उरलेल्या गोळ्या मी मोजणार. रोज एक गोळी, जन्मभर. जास्त उरल्या म्हणजे तेवढे दिवस चुकवले. मग मी खिडकीतून सगळ्यांदेखत झापायचो, "फुकट मिळतं म्हणून किंमत नाही का?" हळूहळू तरुण पोरांच्या बाटल्यांत एकही गोळी जास्त निघेना. माझ्या खिडकीला शिस्त आहे, असं मी चारचौघांत सांगत असे.

एका दुपारी ताई पाच अहवाल घेऊन आल्या. "भाऊ, तुमच्या खिडकीत सगळे पास आणि रक्ताच्या तपासणीत नापास. काहून?"

"लॅबवाल्यांची चूक असेल."

"पाची वेळा? लॅब चुकून नाही राहिली. पोरं आपल्याला काहीतरी सांगून नाही राहिली."

त्या पाचांत एक एकोणीस वर्षांची मुलगी होती. आजार जन्मापासूनचा, आईवडील त्यातच गेलेले, मावशीनं वाढवलेली. आता नेपियर टाउनमध्ये कोचिंग लावून तिथल्याच होस्टेलवर राहत होती. तिच्या रक्तात विषाणू वाढत चालला होता. असंच चाललं असतं तर औषध तिच्यावर चालेनासं झालं असतं, आणि पुढचा रस्ता फार अरुंद होता.

ताईंनी तिला बोलावलं. अर्धा तास नुसत्या मेसच्या पातळ डाळीवर गप्पा झाल्या. मधलं दार उघडंच होतं. मग ताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बेटा, उरलेल्या गोळ्या कुठं टाकते?"

मग ती म्हणाली, "नाली में, दीदी. आने से पहले गिनकर. काका डाँटते हैं ना."

काका म्हणजे मी. खोलीत चौघी मुली, बाटली हलवली की गोळ्या वाजतात, म्हणून ती बाथरूममध्ये जाऊन घ्यायची आणि बाथरूम रिकामं नसलं की राहून जायची. हे सगळं ऐकताना मला फार लाज वाटली. गोळी घ्यायला नाही, मोजणी जुळवायला शिकवलं होतं मी त्या पोरांना.

संध्याकाळी ताई खिडकीशी आल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, उद्यापासून कोणी उरलेली गोळी आणली तर शाबास म्हणायचं."

"चुकल्याबद्दल शाबास? ही काय बालवाडी आहे?"

"खरं बोलल्याबद्दल. तुम्हाला जमत नसेल तर मी बसते खिडकीत."

पुढच्या महिन्यात ती मुलगी अकरा गोळ्या घेऊन आली. दाढ दुखत असल्यासारख्या आवाजात मी 'शाबास' म्हणालो आणि ती चक्क हसली. ताईंनी डॉक्टरांना विचारून तिची रात्रीची गोळी सकाळवर आणली. क्लासला जाताना टपरीवर चहाआधी घ्यायची. बाटली खोलीवर, रोजची एक गोळी कंपासपेटीत.

आणि मग तीन-चार महिन्यांनी ताईंनी स्वतः अर्ज करून दूरच्या, जंगलातल्या डिंडोरी जिल्ह्यात बदली मागून घेतली. मी चिडलो. इथली घडी आत्ता कुठे बसत होती. "तिथली पोरं औषधापर्यंत पोचूनच नाही राहिली, भाऊ," त्या म्हणाल्या. जाण्याबद्दल एकाही पोराला सांगायचं नाही, अशी मला ताकीद दिली.

"हे बरोबर नाही, ताई."

"माझ्यासाठी गोळी घेणारं पोरगं मी गेली की थांबते. त्याहीनं सोतासाठी घेतली पाहिजे." शुक्रवारी नेहमीसारख्या पिशवी उचलून गेल्या. मला वाईट वाटलं, ते सांगायचं राहून गेलं.

तीन आठवड्यांनी त्या मुलीचा अहवाल आला. विषाणू सापडण्याइतकाही नव्हता. तिनं कागद दोनदा वाचला आणि शेजारच्या खोलीकडे धावली. तिथे अजून कुणी नेमलेलं नव्हतं. परतली तेव्हा डोळे भरले होते.

"बताया भी नहीं?"

"डिंडोरीला गेल्यात," मी म्हणालो.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. मग मी काही विचारायच्या आत पिशवीतून बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

"काका, चार बची हैं. बुखार में छूट गईं."

मी बाटली घेतली आणि तिला नवी दिली. गोळ्या मोजल्या नाहीत.