तळहातावरचा करडा डाग

डेंग्यूनं शिवप्पांना नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं आणि गुन्हेगार करून घरी सोडलं. पेशी उतरल्या त्या दिवशी नर्सनं त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून त्यांच्या बायकोच्या, दानम्माच्या हाती दिलं होतं. लिंगायतानं ते क्षणभरही उतरवायचं नसतं; दीक्षेपासूनच्या बावन्न वर्षांत ते पहिल्यांदाच अंगावेगळं झालं.

लातूरला घरी आल्यावर चौथ्या सकाळी शिवप्पा पूजेला बसले. डाव्या तळहातावर लिंग ठेवून नजर लावली, तर लिंगच दिसेना. त्या जागी करडा डाग. भोवतीची बोटं दिसत होती, पलीकडं चुलीवरचं पातेलंही दिसत होतं. मधलं तेवढं गायब. त्यांनी लिंग तीनदा धुतलं. डाग हलला नाही.

हा देवाचा कोप, असं निदान त्यांनीच केलं आणि उपायही ठरवला: पाऊण तासाची पूजा दोन तासांवर नेली. डाग तसाच राहिला. मग अडीच.

पोटापाण्यासाठी ते दालमिलमध्ये तूर पारखत. त्यांनी मूठभर नमुना पाहून मान हलवली, की मालक बसवराज गाडी आत घेई. त्या आठवड्यात निलंग्याच्या मालाला त्यांनी "लई चोख" म्हटलं. बसवराजनं त्यांच्याच मुठीत डोकावून पाहिलं.

"आप्पा, किडका दाणा किती हाय ह्यात?"

"एकबी न्हाई."

"मला हितनं अकरा दिसायलेत."

"उजेड कमी हाय," शिवप्पा म्हणाले. दोघं भर उन्हात उभे होते.

घरी येऊन ते बसले, उठले, पुन्हा बसले. दोन वेळा चपला घालून दारापर्यंत गेले आणि कुठं जायचं होतं ते न आठवून परतले. दानम्मानं शेवटी काय झालं ते काढून घेतलं.

"देव तुमच्यावर रुसला, कबूल," ती म्हणाली. "पण त्याचं तुरीशी काय वाकडं हाय?"

तिसऱ्या दिवशी दोघं नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसले.

"डेंग्यूनंतर कधीकधी होतं असं," मशीनवरचं चित्र दाखवत बाई म्हणाल्या. "डोळ्यामागच्या पडद्याला मधोमध सूज आहे. दोन्हीकडं."

"परत दिसंल का?"

"बहुतेकांना दिसतं. तुमचं आत्ताच नाही सांगता येत. इतके दिवस काय उपाय केलात?"

"पूजा."

बाईंनी ते केसपेपरवर लिहिलं नाही. गोळ्या दिल्या आणि चौकटींचा एक कागद दिला. रोज सकाळी एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडं बघायचं, रेघा कशा दिसतात ते सांगायचं.

रोज सकाळी म्हणजे एकदा, हे शिवप्पांना पटलं नाही. ते कागद दिवसातून दहादा बघत. मिलमध्ये, न्हाव्याकडं, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याच्या पंगतीत. दानम्मानं तो पिठाच्या डब्यामागं लपवला. मग ती सकाळी एकदाच काढून देई.

बाविसाव्या सकाळी त्यांनी उजवा डोळा झाकला आणि बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.

"रेघा वाकड्या हायत," ते म्हणाले.

"मधल्या?"

"हाव."

"काल कशा होत्या?"

"काल रेघाच नव्हत्या, नुसता डाग."

दानम्मानं कागद त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली.

"मग बसा पूजेला. पाऊणच तास."