पडद्यावर न दिसलेलं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ठाण्याच्या एका इस्पितळात एको काढायचे. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एकदा डोंबिवलीहून येऊन मशीन सुरू करते, तोच मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला, मशीन घेऊन आयसीयूत या.

माजिवड्याच्या नाक्यावर अपघात झालेला, चाळिशीतला एक कोळी होता. त्याचा मेंदू मृत झाल्याचं दोनदा तपासून ठरलं होतं आणि बायकोने अवयव द्यायला होकार दिला होता. हृदय देण्याजोगं आहे का, ते मी बघायचं होतं. आजवर मी दुखणं शोधायला बघायचे. काही सापडू नये म्हणून बघायची ही पहिलीच वेळ.

झडपा छान होत्या, पण डावा कप्पा जेमतेम हलत होता.

"गेलं हे," मी म्हटलं.

"घाई करू नका," डॉक्टर म्हणाले. "मेंदूला मार बसला की कधीकधी हृदयही बधिर होतं. औषधं देऊन सावरू, दुपारी परत बघा."

हे मी कधी ऐकलंच नव्हतं. डबा तसाच ठेवून मी दोनदा मॉनिटर बघून आले. दुपारी पुन्हा एको काढला तर तोच कप्पा चांगला जोरात आकुंचन पावत होता! मी डॉक्टरांना हाकच मारली.

बाहेर बायको बसली होती. "ताई, कालीज चांगला हाय ना त्याचा?"

"पडद्यावर तरी चांगलं दिसतंय."

हृदय काढून न्यायला मुंबईहून सर्जन आले. मला बघायचंय म्हटल्यावर त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये येऊ दिलं. छाती उघडल्यावर त्यांनी धडधडत्या हृदयावरच्या रक्तवाहिनीवरून हलकेच बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबले. मग हातमोज्यातलं माझं बोट तिथे टेकवलं. आत खडा असावा तसं कडक लागलं.

"रक्तवाहिनी आतून कडक होऊन अरुंद झालीय. हे एकोत दिसत नाही," ते म्हणाले. "हे हृदय नाही देता येणार."

बायकोला सांगायला मीच गेले.  ती म्हणाली, "जिना चढताना दम लागायचा त्याला. वय झाला म्हनायचा."

सकाळपासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

दोन्ही मूत्रपिंडं मात्र दोन रुग्णांना बसवली. ते कळल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाया का बापे?"