नळाजवळचं डिझेल

बंद पडलेल्या रेल्वे यार्डात घरं बांधायची होती, म्हणून तिथली माती तपासायचं काम तिथेच फिटर असलेल्या बाबांच्या लेकीकडे आलं. रुळांखाली तेल सापडणार हे ठरलेलंच होतं. पण कोपऱ्यातल्या नळाजवळही डिझेल निघालं, तेव्हा ती भडकली.

"कुठल्या शहाण्याने इथे ओतलंय?"

तिचा डबा घेऊन आलेले बाबा कानकोंडे झाले. "मीच. वीस वर्षं सुटी झाली की इथे डिझेलने हात धुवायचो."

"घरी साबण नव्हता का?"

"काळ्या हातांनी तुझी आई तुला उचलू द्यायची नाही. आणि तू तर दारातच हात पसरून उभी असायचीस."

लेकीने 'प्रदूषणाचं कारण' या रकान्यात 'हात धुणे' असं लिहिलं, आणि उकरायच्या यादीत तो कोपरा सगळ्यात शेवटी टाकला.